घरातल्या तारेच्या फोनचे दोन हट्टी बिघाड: उन्हाळ्यातले घुमणे आणि पावसाळ्यातली खरखर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात तळमजल्यावर आईची खोली आहे आणि माडीवर माझी. घरात पडून असलेले लँडलाइनचे दोन फोन वापरून मी सहा वर्षांपूर्वी या दोन खोल्यांमध्ये तारेवरून बोलण्याची सोय केली. आईचे वय आज ८४ आहे. मोबाइलच्या पडद्यावर तिचे बोट हवे तिथे पडत नाही, आणि रात्री-अपरात्री मारलेली हाक जाड भिंती ओलांडून वर पोहोचत नाही. फोन उचलावा आणि बोलावे, एवढीच अपेक्षा होती आणि ती पुरी झाली. मात्र दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस कूलर सुरू झाला की फोनमध्ये घुमण्याचा आवाज येऊ लागे, आणि मृग लागल्यावर त्यात खरखर मिसळे. दिवाळीच्या सुमारास दोन्ही तक्रारी बऱ्याचशा आपोआप ओसरत, त्यामुळे मीही तारा हलवून आणि स्क्रू आवळून चार वर्षे वेळ मारून नेली. दोन्हींना मी एकच बिघाड समजत होतो आणि चूक तिथेच होत होती, कारण घुमण्याची कारणे निराळी होती, खरखरीची निराळी, आणि एकीकडचा उपाय दुसरीकडे लागू पडत नव्हता.

दोष कुठे शोधायचा हे समजण्यासाठी जोडणी डोळ्यांपुढे असायला हवी. २४ व्होल्टच्या डीसी पुरवठ्याची धन बाजू ४७० ओमच्या रेझिस्टरमधून वरच्या फोनला, त्या फोनची दुसरी तार खाली आईच्या फोनला, आणि तिथून परतीची तार पुरवठ्याच्या ऋण बाजूला, अशी ही एकसर जोडणी आहे. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्ट देते ते काही किलोमीटर लांबीच्या तारेसाठी. आमच्याकडे तारेची लांबी २२ मीटर आहे आणि अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा जाण्या-येण्याचा मिळून रोध जेमतेम ४ ओम भरतो. बटणांचा इलेक्ट्रॉनिक फोन उचललेला असताना स्वतःवर साधारण ७ व्होल्ट घेतो. दोन फोनांचे १४ व्होल्ट वजा जाता उरलेले १० व्होल्ट ४७० ओमवर पडतात, म्हणजे प्रवाह २१ मिलिअँपिअरच्या आसपास येतो, आणि २० ते २५ मिलिअँपिअर एवढा प्रवाह अशा फोनाला चांगला मानवतो. ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर असे दोन फोन जोडून पाहणाऱ्यांना काहीच ऐकू येत नाही, त्याचे कारण या हिशेबातच आहे. जुन्या चकतीच्या, कार्बन मायक्रोफोनच्या फोनांचे मात्र तेवढ्यात भागते.

रेझिस्टर २ वॅटचा घ्यावा. तारा कुठे एकमेकींना चिकटल्या तर सगळे २४ व्होल्ट त्याच्यावर येतात, ५१ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि सव्वा वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. अर्ध्या वॅटचा रेझिस्टर अशा वेळी काळा पडतो. आणि ही जोडणी चालू लँडलाइनला कधीही जोडू नये, कारण त्या तारेवर घंटीच्या वेळी सुमारे ७५ व्होल्टचा एसी दाब येतो.

घंटीचे काम मी ३ ते २४ व्होल्टवर चालणाऱ्या दोन पिझो बझरांवर सोपवले. दोन्ही टोकांना एकेक बटण आहे. कोणतेही दाबले की दोन्ही बझर वाजतात. या घंटीला तीन तारा लागतात आणि बोलण्याला दोन, म्हणजे एकूण पाच. माझ्याकडे टेलिफोनची चपटी चार तारांची केबल होती, म्हणून बोलण्याची परतीची तार आणि घंटीची परतीची तार मी एकच केली. पाच तारांचे काम चारांत उरकल्याचे त्या वेळी समाधानच वाटले होते. त्या काटकसरीची किंमत पुढे प्रत्येक उन्हाळ्यात मोजावी लागली.

घुमण्याचा आवाज दोनच मार्गांनी फोनमध्ये शिरू शकतो: वीजपुरवठ्यातून किंवा तारेतून. या दोन्हींची फारकत करणारी चाचणी अगदी सोपी आहे. एलिमिनेटर, म्हणजे घरच्या विजेपासून हे २४ व्होल्ट डीसी देणारी डबी, काढून त्याच्या जागी ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकसर जोडाव्यात आणि कूलर चालू ठेवून ऐकावे. घुमणे पूर्ण थांबले तर दोष एलिमिनेटरचा, तसेच राहिले तर तारेचा. आमच्याकडे ते साधारण निम्म्यावर आले आणि तिथेच थांबले. असे उत्तर मिळाल्यावर माणूस चाचणीलाच दोष देतो, आणि मीही दोन दिवस तेच केले. वस्तुतः चाचणीने सांगितले ते खरे होते, कारण दोष दोन्हीकडे होता.

आधी एलिमिनेटरचे सांगतो. साधा ट्रान्सफॉर्मरचा एलिमिनेटर ५० हर्ट्‌झचा एसी घेऊन त्याचे डीसी करतो, तेव्हा त्यात १०० हर्ट्‌झची लहर शिल्लक राहते आणि ती भरून काढण्याचे काम आतल्या कपॅसिटरने करायचे असते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २० मिलिअँपिअरचा प्रवाह असा हिशेब केला तर सुमारे ०.२ व्होल्टची लहर उरते. ही संख्या लहान वाटते, परंतु तारेवर बोलण्याचा आवाजही साधारण तेवढ्याच दाबाचा असतो, त्यामुळे दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसलेल्या एलिमिनेटरवर फोन घुमला तर त्यात नवल नाही. त्यात हा एलिमिनेटर मी माडीवर पत्र्याखालच्या कोनाड्यात ठेवला होता. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पत्र्याखाली त्याहून जास्तच असणार. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. आतले द्रावण सुकत जाते, क्षमता घटते आणि लहर वाढते. म्हणजे हे घुमणे हिवाळ्यातही होतेच. दर वर्षी थोडे थोडे वाढत होते आणि कूलरच्या घुमण्यात मिसळून उन्हाळ्याचे वाटत होते. मी कपॅसिटर बदलला, त्यापुढे ७८२४ हा २४ व्होल्टचा रेग्युलेटर बसवला आणि एलिमिनेटर जिन्याखालच्या थंड जागी आणला. हे सारे सामान बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळते. रेग्युलेटरला आत किमान २७ व्होल्ट द्यावे लागतात, हे घेताना लक्षात ठेवावे. २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर असेल तर कपॅसिटरवर ३२ व्होल्टांपर्यंत मिळतात आणि तेवढे पुरेसे आहेत.

उरलेले निम्मे घुमणे तारेचे होते. आईच्या खिडकीखाली कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर आणि फोनची चपटी केबल, दोन्ही सुमारे ४ मीटर अंतर अगदी खेटून गेल्या होत्या. विजेच्या तारेतून बदलता प्रवाह वाहतो तेव्हा तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि फोनच्या जाणाऱ्या व येणाऱ्या तारांमध्ये जेवढी फट असेल तेवढ्या प्रमाणात ते क्षेत्र त्यांत आपला आवाज उतरवते. चपट्या केबलीत बोलण्याची तार एका कडेला आणि सामाईक परतीची तार दुसऱ्या कडेला होती, म्हणजे ती फट केबलीत शक्य तेवढी मोठी मीच करून ठेवली होती. दिवाळीपर्यंत कूलर निघून माळ्यावर जाई आणि तक्रारही त्याच्याबरोबर माळ्यावर जाई.

या रोगावरचे औषध जवळजवळ टेलिफोनइतकेच जुने आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १० मार्च १८७६ रोजी बॉस्टनमध्ये जे पहिले वाक्य तारेवरून पाठवले, तेही एका खोलीतून शेजारच्या खोलीतच. पुढे सुरुवातीच्या कित्येक लाइनींमध्ये एकच तार टाकून परतीचे काम जमिनीकडून करून घेत, आणि शहरांत विजेचे दिवे व ट्राम आल्या तसे त्या लाइनींवर घुमण्याने बोलणे कठीण झाले. दोन तारा एकमेकींभोवती पिळून टाकण्याची युक्ती बेल यांच्याच नावावर १८८१ पासून आहे. पिळामुळे दर दोन-तीन सेंटिमीटरवर तारांच्या जागा अदलाबदल होतात, एका वेढ्यात उतरलेला आवाज पुढच्या वेढ्यात उलटा उतरतो आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. म्हणून चपटी केबल काढून मी संगणकाच्या जाळ्याची, चार पिळलेल्या जोड्यांची केबल टाकली. एक पूर्ण जोडी फक्त बोलण्याला, घंटीच्या तीन तारा इतर जोड्यांतून, आणि सामाईक परत बंद. केबल विजेच्या वायरीपासून फूटभर दूर नेली आणि जिथे ओलांडणे टळत नव्हते तिथे काटकोनात ओलांडली. परतीच्या तारेऐवजी घराच्या अर्थिंगचा उपयोग करण्याचा सल्ला मला एका हितचिंतकाने दिला होता. तो घुमण्याच्या दृष्टीनेही वाईट आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही.

केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे चाकूने खरवडून पाहावे. वरून तांबे आणि आतून अॅल्युमिनिअम असलेली तार स्वस्त मिळते. तिचा रोध दीडपटीच्या आसपास असतो, त्याचे घरात फारसे बिघडत नाही, पण ती दोन-चारदा वाकवली की तुटते आणि तिच्या कापलेल्या टोकाला सोल्डर नीट धरत नाही.

आता खरखर. या तक्रारीने मला अधिक छळले, कारण तपासायला बसले की ती नसायची. मी मल्टिमीटर बीपवर ठेवून तारेचे सातही सांधे तपासले आणि सातही ठिकाणी बीप वाजली. इथेच बहुतेक जण फसतात. मीटरची बीप साधारण ३० ते ५० ओमपर्यंतच्या कोणत्याही जोडाला होकार देते. प्रत्यक्षात चांगला सांधा एका ओमाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो आणि १०-२० ओमवर नाचणारा सांधा बोलण्यात भरपूर खरखर करतो. बीपच्या लेखी दोन्ही सारखेच. शिवाय मीटर तपासणीसाठी अत्यल्प प्रवाह सोडतो, आणि खरखर ऐकू येते ती तर २० मिलिअँपिअर वाहत असताना.

त्यामुळे सांधा तपासायचा तो दोन्ही फोन उचललेले असताना, प्रवाह चालू ठेवून. मीटर मिलिव्होल्टवर ठेवावा, एक टोक सांध्याच्या अलीकडच्या तारेवर आणि दुसरे पलीकडच्या तारेवर लावावे. प्रवाह २१ मिलिअँपिअर असेल तर ०.१ ओमचा सांधा सुमारे २ मिलिव्होल्ट दाखवेल आणि आकडा स्थिर राहील. १० ओमचा सांधा २१० मिलिव्होल्ट दाखवेल आणि तार जराशी हलवताच आकडा नाचेल. आमच्या सात सांध्यांपैकी पाच १ ते ३ मिलिव्होल्टवर होते, जिन्याखालचा एक ४० वर होता, आणि आईच्या पलंगामागच्या रोझेटमधला (भिंतीवरच्या, फोनची तार जोडायच्या डबीतला) १८० पासून ४०० पर्यंत वर-खाली होत होता. चार वर्षांत मी त्या रोझेटचे स्क्रू निदान दहा वेळा आवळले असतील. आवळल्यावर काही दिवस बरे वाटे, कारण स्क्रू फिरताना तारेवरचा थर जरा खरवडला जाई.

रोझेट उघडल्यावर तारेवर हिरवा कळंक दिसला आणि स्क्रूभोवती पांढरा क्षार. कूलरची हवा नेमकी त्या भिंतीवर येत होती. आमच्याकडे कूलरमध्ये बोअरचे पाणी असते, ते जड आहे. ताट्यांवर क्षारांचा थर साचतो तो प्रत्येक नागपूरकराने पाहिलेला आहे, आणि हवेच्या जोराने त्याच पाण्याचे बारीक शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. ओल, क्षार आणि तांबे-पितळेच्या जोडावर सतत डीसी दाब, एवढे एकत्र आले की गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. मे-जूनमध्ये कूलरने सुरुवात करायची आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेने ते पुढे न्यायचे, असा हा क्रम होता. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सांधा काही महिने निमूट राही.

उपाय म्हणून गंजलेल्या तारेचा दोन इंचांचा तुकडा कापून टाकला, चकचकीत तांबे लागेपर्यंत तार सोलली आणि स्क्रूऐवजी सोल्डरचा डाग दिला. जिथे सोल्डर शक्य नव्हते तिथे लाइनमन वापरतात ते जेली भरलेले छोटे दाबाचे कनेक्टर लावले. दोन तारा आत घालून पकडीने दाबल्या की जेली ओल आत येऊ देत नाही. रोझेट कूलरच्या झोतातून काढून पलंगाच्या उशाकडे, जमिनीपासून तीन फुटांवर आणला. केवळ गंज पुसून पुन्हा तोच स्क्रू आवळण्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

मोजमापाबाबत एक गोष्ट राहिली. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली असेल तर डिजिटल मीटर दाब खऱ्याहून जास्त दाखवू लागतो. मला एकदा २४ च्या जागी २९ व्होल्ट दिसले आणि मी निष्कारण रेग्युलेटर बदलला. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद दिसून देशभर चर्चा झाली होती, आणि पुढे तो सेन्सरचा बिघाड निघाला. तरीही स्वतःच्या मीटरवर अविश्वास दाखवायला मला तासभर लागला. आता मी नव्या बॅटरीचे ९ व्होल्ट आधी मोजून पाहतो, मगच बाकीचे मोजतो.

अंगणापलीकडच्या खोलीत तिसरा फोन जोडण्याचा प्रयत्न मी केला आणि सोडून दिला. एकसर जोडणीत तिन्ही फोन उचलल्याशिवाय कुणालाच बोलता येत नाही, आणि उचलले तरी २४ वजा २१ असे तीनच व्होल्ट उरतात, म्हणजे प्रवाह ६ मिलिअँपिअर आणि आवाज जवळजवळ नाहीच. तिथे फक्त घंटी नेली. ती तारही एका वर्षात तुटली, आणि त्याचे कारण आमची काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यात पुरलेला पाइप भिंतीशी जिथे सांधलेला असतो तिथून उपसून काढते. भिंतीपाशी कडक पाइपऐवजी लवचीक नळीचा तुकडा घातला आणि आत तारेचा हातभर ढिला वेढा ठेवला, तेव्हापासून ती टिकली आहे. ही तार वरून, उघड्यावरून नेण्याचा विचारही करू नये. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर विजा किती पडतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि गडगडाट सुरू झाला की मी अंगणाकडचे टोक प्लगमधून काढूनच ठेवतो.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. दोन्ही हँडसेट एकाच खोलीत ठेवून चाचणी केली तर शिट्टी वाजते. तो दोष नव्हे, एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून फिरत राहतो. फोन ठेवूनही प्रवाह थांबत नसेल तर हुकाचे बटण अडकलेले असते, आणि एकसर जोडणीत हे दोन्हीकडे एकदम घडल्याशिवाय लक्षातही येत नाही. जुन्या कार्बनच्या हँडसेटमध्ये आवाज दबला तर तो तळहातावर हलकेच ठोकावा, आतले कण मोकळे होतात. रोझेटमध्ये मुंग्या आढळल्या तर नुसते भोकाला मेण लावले तरी चालते.

नव्या केबलीवर दोन उन्हाळे गेले आहेत. गेल्या मेमध्ये कूलर पूर्ण वेगावर असताना फोन उचलला तेव्हा पंख्याचा आवाज हवेतून मायक्रोफोनमध्ये येत होता, तारेतून नव्हे; आईने हँडसेटवर हात ठेवला की तो थांबे. सातही सांध्यांचे आकडे मी तारखेसह रोझेटच्या झाकणाच्या आत लिहून ठेवले आहेत आणि जुलैमध्ये पुन्हा मोजले तेव्हा सर्वांत मोठा ३ मिलिव्होल्टचा होता. एक घुमणे मात्र अजून शिल्लक आहे. आमचा जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतो, ती घरभरच्या वायरींमधून जास्त कर्कश आवाज पसरवते, आणि वीज गेली की फोनमध्ये बारीक किर्र ऐकू येते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला तर तेही जाईल. पण आईने तूर्त तो नको म्हणून सांगितले आहे, कारण दुपारी पडल्या पडल्या फोन उचलून वीज आहे की गेली, हे ती आता त्यावरूनच ओळखते.